दोनदा पडलेली डिस्क

गल्लीत त्यांना कानसेनबाई म्हणत. तानसेन होणं सगळ्यांना जमत नाही, निदान कानसेन तरी व्हावं, असं म्हणतात. बाईंना गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांचा कान यंत्रांसाठी होता. विशीत त्या बेअरिंगच्या कारखान्यात लागल्या. तिथे त्यांचं काम एवढंच की कानाला हेडफोन लावून बसायचं, समोर एकेक बेअरिंग फिरवलं जायचं, आणि आवाजात खरखर आली की ते लाल टोपलीत टाकायचं. लग्न झालं, मुलगी झाली, मुलगी मोठी होऊन सासरी गेली, तरी बाई खरखर ऐकतच होत्या. मग त्यांच्या जागी एक मशीन आलं, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत कारखाना बंद पडला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध होता असं बाईंचं म्हणणं नव्हतं. त्यांनी नुसतं क्रमाने सांगितलं.

घरी बसल्यावर त्यांना घर ऐकू यायला लागलं. फ्रिजची घरघर, वरच्या मजल्यावरच्या पंख्याची कुरकुर, गिझरचा सुस्कारा. एकदा पाहुणे बसलेले असताना त्या सासूबाईंना म्हणाल्या, "तुमचा डावा गुडघा गेल्या महिन्यापेक्षा जास्त वाजतोय." पाहुणे गुडघ्याकडे बघायला लागले. त्या दिवशी नवऱ्याने ठरवलं की हिला काम शोधून द्यायचं.

नवरा हॉस्पिटलात नर्स होता. तिथे त्याला सगळे 'ब्रदर' म्हणत. घरच्या फोनवर कुणी "ब्रदर आहेत का?" असं विचारलं, की बाई आधी "माझे मिस्टर आहेत," असं स्पष्ट करत आणि मगच फोन देत. त्याच्या ओळखीचा एक माणूस बिघडलेल्या हार्ड डिस्क दुरुस्त करत असे. बाई त्याच्याकडे शिकायला गेल्या. हार्ड डिस्क म्हणजे तरी काय, बेअरिंगवर गरगर फिरणारी एक तबकडी, आणि तिच्यावर केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी पट कमी अंतरावर तरंगणारं, माहिती वाचणारं एक इवलंसं हेड. बाईंना ते ऐकून माहेरी आल्यासारखं वाटलं. दोन वर्षांनी त्यांनी जिन्याखालची एक खोली घेऊन स्वतःचं दुकान थाटलं. एका बाजूला चाव्या करणारा, दुसऱ्या बाजूला चपला शिवणारा. दोघांनाही त्यांनी पहिल्याच दिवशी ठोकाठोक जपून करायला सांगितली. दोघांनीही ते या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं.

दुकानात एक टेबल, एक स्टूल, गिऱ्हाइकाला एक खुर्ची, आणि कोपऱ्यात काचेची एक बंद पेटी, जिच्यात धूळ जाऊ नये म्हणून गाळलेली हवा खेळत असे. डिस्क उघडायची ती फक्त त्या पेटीत. पण उघडण्याआधी बाई ऐकत. पंखा बंद करत, गिऱ्हाइकाला गप्प करत, मोटार मेकॅनिक वापरतात तसला दांडीवाला स्टेथोस्कोप डिस्कला लावत, आणि थोडीशीच वीज देऊन पुन्हा काढून घेत. डिस्क अगदीच मुकी असेल तर बहुधा वरची सर्किटची पट्टी जळालेली. बारीक किणकिणत असेल पण फिरत नसेल, तर हेड तबकडीला चिकटलंय किंवा मोटर अडकलीय. टक टक टक वाजून थांबत असेल, तर हेड मोडलंय. आणि खरडल्यासारखं वाजलं, की बाई ताबडतोब वायर उपटत. कारण तेव्हा हेड तबकडीवरची माहिती नांगरत असतं, आणि नांगरलेलं परत येत नाही.

मग त्या विचारत, "पडली का?"

"नाही हो," असं प्रत्येक जण म्हणे. त्यांच्या इतक्या वर्षांच्या व्यवसायात एकही डिस्क कुणाच्या हातून पडलेली नव्हती. सगळ्या आपोआपच बंद पडलेल्या. एकाने तर डिस्क मटारांच्या पिशवीशेजारी फ्रीजरमध्ये ठेवून आणली होती, कारण थंडीने ती बरी होते असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. बाईंनी ती उघडली तेव्हा तबकडीवर दव होतं. त्यांनी त्याला एकच शब्द सांगितला, "गेली."

ही "गेली" हॉस्पिटलातल्या नवऱ्याला पसंत नव्हती. "अगं, असं उभ्या-उभ्या सांगतात का? आधी बसव. पाणी दे. काय गेलंय ते त्याला विचार. मग सांग."

"मग काय सांगू?"

"गेली म्हणूनच सांग. पण मग."

बाईंनी खुर्ची आणली ती तेव्हाच.

त्या खुर्चीवर एका सकाळी एक उंच, थकलेले गृहस्थ येऊन बसले. निवृत्त बस ड्रायव्हर. डिस्क लोकरीच्या कानटोपीत गुंडाळून आणली होती.

"आपोआप बंद पडली," ते म्हणाले.

बाईंनी पंखा बंद केला. टक, टक, टक, आणि मग तबकडी मंदावत थांबल्याचा उसासा. दुसऱ्यांदा वीज द्यायची गरज नव्हती.

"पडली का?"

"छे! मी कुणाला हात लावू देत नाही. घरात मी आणि बायको, दोघंच. ती बिचारी काय उचलणार?"

बाईंनी विचारायचं ते विचारलं, "काय आहे हिच्यात?"

ते ऐकायला त्यांना बराच वेळ बसावं लागलं. ड्रायव्हरकाकांची बायको शहराच्या बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करत असे. सगळ्या शहराला तो आवाज ठाऊक होता, चेहरा कुणालाच नाही. लग्नाआधीही आणि नंतरही तिने काकांची गाडी भोंग्यावरून "उशिरा येत आहे" अशीच जाहीर केली, आणि काकांच्या मते त्यात निम्म्या वेळा अन्याय होता. दोन वर्षांपूर्वी काकूंना झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. शब्द डोक्यात असत, पण तोंडाशी येताना वाट चुकत. पाणी हवं असलं की "खिडकी" म्हणत, आणि आपण चुकलो हे कळून स्वतःवरच चिडत.

"बोलणं शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, रोज थोडं रेकॉर्ड करा, म्हणजे सुधारणा कळेल. मी केलं. एक दिवस चुकवला नाही. पहिला 'पा', मग 'पाणी', मग 'पाणी दे'. सगळं यात आहे." काका डिस्ककडे असे बघत होते की जणू तीच खाटेवर पडलीय. "कोणी घरी आलं की मी ऐकवतो. लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं."

"काकू काय म्हणतात?"

"ती कुठे काय म्हणणार? तिचं मी सांगतो ना."

बाईंनी डिस्क ठेवून घेतली. नवं हेड बसवायचं तर त्याच कंपनीची, त्याच घडणीची दुसरी डिस्क लागते. रक्तगट जुळावा लागतो तसंच. ती शोधायला वेळ लागेल, आणि जमेलच असं नाही, हे त्यांनी काकांना बसवून, पाणी देऊन सांगितलं. काका पाणी प्याले आणि त्यांनी रोज फोन करू का असं विचारलं. बाई म्हणाल्या, "करू नका." ते रोज करत राहिले.

डिस्क पेटीत उघडण्याआधी बाईंनी तिचं ॲल्युमिनियमचं कवच खिडकीपाशी नेऊन फिरवून पाहिलं. एका कोपऱ्याला पोचा होता. अपेक्षितच. मग त्यांनी ती उलटी केली. समोरच्या कोपऱ्यालाही पोचा होता. बाई स्टुलावर बसल्या. डिस्क टेबलावरून घसरली तर एकदा पडते. आपटून उसळी मारली तरी दुसरा पोचा असा खोल, असा नेटका, नेमक्या विरुद्ध कोपऱ्याला पडत नाही. ही डिस्क एकदा पडली होती आणि बहुधा वाचली होती. मग कुणीतरी ती उचलली, आणि ती पुन्हा पडली.

एकदा पडते ती पडलेली डिस्क. दोनदा पडते ती पाडलेली.

आतलं चित्र आवाजाने सांगितलं होतं तेच निघालं. एक हेड वाकलं होतं, तबकडीच्या कडेला एक बारीक ओरखडा होता, बाकी तबकडी आरशासारखी. जुळणारी डिस्क मिळाली तर बरंचसं परत येणार होतं. बाईंना एरवी याचा आनंद झाला असता.

पुढच्या आठवड्यात काकू स्वतःच आल्या. काका डोळे तपासायला गेले होते आणि डॉक्टरांकडे रांग होती, ती संधी साधून. काठी टेकत, बस पकडून, एकट्या. खुर्चीत बसल्यावर त्यांनी आधी दम घेतला, मग डाव्या हाताने टेबलावरच्या कानटोपीकडे बोट केलं.

"गाडी," त्या म्हणाल्या. मान हलवली. "गाडी नाही. ती. ती गाडी." पुन्हा मान हलवली. बाई वाट बघत राहिल्या. त्यांना वाट बघण्याचा कंटाळा नव्हता. आयुष्यभर त्यांनी आवाजाची वाटच बघितली होती. शेजारी चावीवाल्याची कानस थांबली, पुन्हा सुरू झाली. तेवढ्यात काकू ताठ बसल्या आणि एकदम खणखणीत, अडखळल्याशिवाय म्हणाल्या, "प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे."

बाईंनी लक्ष दिलं.

"गाडी रद्द," काकू म्हणाल्या. घोषणेतले शब्द त्यांना सापडत होते. बाकीचे हुडकावे लागत होते. "रद्द करा. पाडली. मी." मग दोन बोटं वर केली.

"दोनदा. पाहिलं मी," बाई म्हणाल्या.

काकूंनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. मग त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि त्याच वेळी त्या हसत होत्या. कुणीतरी त्यांचं वाक्य पुरं न करता त्यांच्यापर्यंत पोचलं होतं, ते बहुधा बऱ्याच दिवसांनी.

"काकू, मला खोटं बोलता येत नाही," बाई म्हणाल्या. "चांगुलपणा म्हणून नाही, जमतच नाही मला. चेहरा पडतो. काकांनी विचारलं तर मी सांगणार की ती वाचेल."

काकूंनी खूप वेळ शब्द शोधला. "उशिरा," त्या म्हणाल्या. मग काठी घेऊन उठल्या आणि बसस्टॉपकडे गेल्या. म्हणजे काय, हे बाईंना पुरतं कळलं नाही. उशिरा सांगा, असं असावं.

संध्याकाळी जेवताना बाईंनी नवऱ्याला सगळं सांगितलं. "डिस्क त्यांची. आणणारे तेच. पण आवाज तिचा. मी कुणाचं ऐकू?"

नवरा भात कालवत म्हणाला, "आमच्याकडे पेशंट शुद्धीवर असला, की सही पेशंटची. नवऱ्याची चालत नाही."

"पण पेशंट कोण? माझ्याकडे तर डिस्क आलीय."

सासूबाईंना कमी ऐकू यायचं. दारावरची घंटा, कुकरची शिट्टी, फोन, यातलं काहीच त्यांच्यापर्यंत पोचत नसे. त्या ताटावरून मान वर न करता म्हणाल्या, "त्या दोघांना समोरासमोर बसव की. तू कशाला मध्ये लोंबकळतेस?"

जुळणारी डिस्क मिळाली. बाईंनी तिचं हेड काढून या डिस्कमध्ये बसवलं. या कामात त्या श्वाससुद्धा मोजून मापून घेत. पहिल्यांदा वीज दिली तेव्हा टकटक आली नाही. तबकडीने वेग घेतला, हेड तिच्यावर अलगद उतरलं, आणि माहिती येऊ लागली, थांबत, अडत, ओरखड्याच्या जागी गळत, पण येऊ लागली.

आलेलं नीट आलंय का हे बघायला थोडं ऐकावं लागतं. बाईंनी थोडं ऐकलं. मग जरुरीपेक्षा जास्त ऐकलं, याची त्यांना लाज वाटली, तरी हेडफोन काढला नाही. काकांचा आवाज: "म्हण, पाणी. पा... णी." काकूंचा घोगरा, चिरडलेला "पा." मग दुसऱ्या एका फाइलमध्ये पाहुणे. "वा! वा! अजून एकदा म्हणा ना, काकू!" आणि टाळ्या. टाळ्यांखाली एक श्वास होता, नाकातून जोरात सोडलेला. पाहुण्यांना तो ऐकू आला नसणार. बाईंना आला.

'खराब' नावाच्या एका वेगळ्या कप्प्यात काकांनी काही फाइली टाकून ठेवल्या होत्या. बाईंना वाटलं, बिघडलेल्या असतील. त्यांनी एक लावली. काका म्हणत होते, "म्हण, खिडकी." त्यावर काकूंचा आवाज, स्वच्छ, खणखणीत, सगळ्या बसस्थानकाला ऐकू जाईल असा: "अरे गाढवा, बंद कर ते!" सगळ्या 'खराब' फाइली अशाच होत्या. वाचा गेली तरी काही जणांच्या शिव्या शाबूत राहतात, हे नवऱ्याने एकदा बाईंना सांगितलं होतं. काकूंच्या राहिल्या होत्या, आणि त्यांत व्याकरणाची एकही चूक नव्हती.

बाईंनी दोघांनाही बोलावलं. खुर्ची एकच, म्हणून चपलावाल्याचं स्टूल मागून आणलं.

"आली का?" काका उभ्यानेच म्हणाले.

"आली. बसा."

काका बसले, आणि त्यांनी तोंडावर हात ठेवला.

"पण द्यायची की नाही, ते काकूंना विचारून," बाई म्हणाल्या. त्यांनी कवच पुढे ठेवलं आणि आधी एक पोचा दाखवला, मग दुसरा. "ही आपोआप बंद पडली नाही. पडली. उचलली गेली. परत पडली."

काकांनी पोचे पाहिले. बायकोकडे पाहिलं. "तू?"

काकूंनी तोंड उघडलं. "मी..."

"तुझा धक्का लागला. धूळ पुसताना. अगं मग तसं सांगायचंस ना, मी काय रागावलो असतो? हिला म्हणायचंय की..."

"काका," बाई म्हणाल्या, "गप्प बसा."

हे त्यांनी डिस्क ऐकताना गिऱ्हाइकांना म्हणत तशाच आवाजात म्हटलं, त्यामुळे काका गप्प बसले. काकूंच्या ओठांनी दोन-तीन शब्द सुरू करून टाकून दिले. काकांचा हात दोनदा पुढे आला आणि दोनदा त्यांनी तो मांडीखाली दाबला.

"मी," काकू म्हणाल्या. "लोकांना. दाखवायचं." थांबल्या. "माकड. नाही."

काकांचा चेहरा उतरला. बाईंना तो चेहरा ओळखीचा होता. "गेली" म्हटल्यावर होतो तो. आपण पाणी ठेवलेलं नाही हे त्यांच्या लक्षात आलं.

"मी कौतुकाने करत होतो," काका म्हणाले. मग, बायकोकडे न बघता, "तू बोलायची बंद झालीस, तेव्हा घरात भांड्यांचाच काय तो आवाज. मला वाटलं, आता हे असंच. मग तू 'पा' म्हणालीस. मी कुणाला सांगू? मला लोकांना सांगायचं होतं की ती येतेय. उशिरा येतेय, पण येतेय."

काकूंनी डाव्या हाताने त्यांचा कान पकडला. प्रेमाने की रागाने, हे बाईंना सांगता आलं नसतं. बराच वेळ धरून ठेवला एवढं खरं.

"काकू, काय करू?" बाईंनी विचारलं. "पुसून टाकू?"

"हा," काकू काकांकडे बोट करून म्हणाल्या. "एकटा. ऐक. लोक... रद्द." म्हणजे काकांनी एकट्याने ऐकावं, लोकांना बंद. पूर्वी त्या त्यांना 'अहो' म्हणत. झटक्यात ते 'अहो' गेलं ते गेलंच, 'अरे' तेवढं उरलं. काकांनी हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं, पण त्यांना ते आवडायला लागलं होतं, असं त्यांनी आत्ता सांगितलं.

"आणि 'खराब'?" बाई म्हणाल्या. "त्यातला आवाज सगळ्यांत चांगला आलाय."

काका कसनुसे झाले. काकूंनी भुवया उंचावल्या. त्यांना असा कप्पा आहे हेच माहीत नव्हतं. बाईंनी एक फाइल लावली, आणि जिन्याखालच्या त्या खोलीत काकूंचा जुना, बसस्थानकाचा आवाज घुमला. चपलावाल्याची हातोडी थांबली. काकू आधी दचकल्या, मग ऐकत राहिल्या, मग त्यांनी बोट फिरवून खूण केली, अजून एक. त्यांनी सगळ्या ऐकल्या. काका शेवटी शेवटी इतके हसत होते की त्यांना ठसका लागला, आणि मग बाईंना पाणी आणावंच लागलं.

सुधारणा मोठी अशी पुढेही झाली नाही. हात तसाच राहिला. शब्द येत, पण अडत. काका मात्र वाट बघायला शिकले. कधीकधी त्यांचा हात आपोआप पुढे येई आणि ते तो मांडीखाली घालत. महिन्यातून दोनदा-तीनदा काकू एकट्याच बस पकडून जिन्याखालच्या दुकानात येऊन बसत. काम काही नसे. शहरात जिथे कुणी उगाच बोलत नाही अशी ती एकच जागा होती, असं बाईंना वाटे. काकूंना काय वाटे ते त्यांनी सांगितलं नाही.

एकदा बाईंचे दोन्ही हात पेटीत होते. एक हेड अर्धं उतरलेलं, जरा हललं असतं तर तबकडी वाया. दारातून एक माणूस मोठ्याने बोलतच आत शिरला की त्याची डिस्क आपोआप बंद पडलीय, आणि सकाळपासून, आणि त्याने काहीच केलं नाही, आणि...

"बाई कामात आहेत," काकू म्हणाल्या. "बोलू नका."

पाच शब्द, एका दमात, कुठे न अडता. बाईंनी ते ऐकले. हात जागचे हलवले नाहीत, मान वळवली नाही. हेड पूर्ण उतरलं, जागेवर बसलं, त्यांनी पेटीचं झाकण लावलं, हातमोजे काढले, आणि मग त्या माणसाला ओलांडून बाहेर जाऊन तीन कप चहा सांगून आल्या.